बुवांच्या शेल्याखालची पिशवी

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. मला या खिळ्यावरून खाली उतरता येत नाही, आणि पोट फाटल्यापासून माझा आवाजही जरा बसला आहे. मागे रेलून ऐकाल तर निम्मी गोष्ट हवेत जाईल, आणि ही निम्मी ऐकण्याची गोष्ट नाही. सुडाची आहे. तिघांनी मनात धरलेल्या सुडाची, आणि त्या तिघांत एक मी आहे. शेवटपर्यंत बसाल तर ती तुमच्या पदरात पुरी घालीन, असा शब्द देते.

मी एक जुनी रबरी पिशवी आहे. गरम पाण्याची. माझा रंग एके काळी लालभडक होता, आता पावसात पडून राहिलेल्या विटेसारखा झाला आहे. अंगावर उभ्या रेघा आहेत. त्यांवरून नख फिरवले की कंगव्यासारखा आवाज येतो. कारखान्यात मला साच्यात दाबून वाफेवर शिजवले. मग एका बाईने माझ्यात हवा भरून मला हौदात बुडवले. बुडबुडा आला की ती पिशवी सरळ कचऱ्यात जायची. माझ्यातून एकही बुडबुडा निघाला नाही. "ही पोटातलं बाहेर काढणारी नाही," असे त्या बाई म्हणाल्या. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतले ते एका देवभोळ्या माउलीने. तिचा हात मी अजून विसरलेले नाही. पाणी उकळले की ती किटली खाली उतरवायची आणि वाफेचा जोर ओसरेपर्यंत थांबायची. तोवर देवाचे नाव गुणगुणायची. मग मला काठोकाठ न भरता, थोडी रिकामी ठेवून, छातीशी धरून आतली हवा हळूच काढायची, बूच पिळायची, उलटी करून मनगटावर थेंब पडतो का ते पाहायची, आणि टॉवेलात गुंडाळायची. बाळाला गुंडाळावे तशी!

तिच्या घरात दोन मुलगे होते. थोरला तिचा पोटचा आणि धाकटा तिच्या मेलेल्या बहिणीचा. दोघे एका अंथरुणावर निजायचे आणि माझ्यासाठी भांडायचे. थोरल्याचा आवाज असा की खिडकीची काच हलावी. धाकटा बोलताना अडखळायचा. एक शब्द तोंडातून निघायला त्याला तीन धक्के लागायचे. पण गायला लागला की एकही धक्का नाही, वंगण घातलेल्या चाकासारखा गळा! माउली म्हणायची, "देवाने याचा दरवाजा बंद ठेवला आणि खिडकी मात्र सताड उघडी सोडली."

थोरला मोठा होऊन गाऊन प्रवचने सांगू लागला. लोक त्याला बुवा म्हणू लागले. आधी उपदेश, मग गोष्ट, मध्ये गाणी, आणि शेवटी सारे सभागृह एका सुरात देवाचे नाव घेत असे. शेजारी बसून धाकटा पेटी वाजवायचा. प्रवचन ऐकणे म्हणजे काय सुख असते हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक! दिवसभर उन्हातान्हात राबलेली माणसे शेवटी डोळे पुसत हसत बाहेर पडायची.

हे मला कसे ठाऊक? सांगते. माउली देवाघरी गेली आणि घरात विजेवर तापणारी गादी आली. मला कोण विचारतो? एक दिवस बुवांनी मला दुमडून पेटीखाली सारले. गुळगुळीत व्यासपीठावर पेटी सरकायची, म्हणून.

"म-मावशीची आहे रे ती, दादा," धाकटा म्हणाला.

"मावशीची म्हणून काय हार घालू? रबर आहे ते. रबराने रबराचं काम करावं."

मित्रांनो, त्या क्षणी मी डूख धरला. ज्या मुलाच्या मुरड्यावर मी रात्रीच्या रात्री पडून राहिले, त्याने मला पाचर केले! मी गप्प राहिले. पिशवीला दुसरे काय येते? पण मनात म्हटले, बुवा, तुमचे पोट पुन्हा माझ्याकडे येईल. त्या वेळी बघून घेईन.

पेटीखाली पडल्या पडल्या मी सगळी प्रवचने ऐकली. आणि एका सायंकाळी ते घडतानाही ऐकले. सभा जरा मरगळलेली होती. लोकांना हसवायला बुवांना काही सुचेना, तेव्हा त्यांनी गोष्टीतल्या शिपायाच्या तोंडी धाकट्याचे अडखळणे घातले. "म-म-महाराज, च-च-चोर प-पळाला!" आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून धाकट्याकडे पाहिले. सभागृह खो खो हसले. लहान पोरे बाकांवर उभी राहून "म-म-महाराज" ओरडू लागली. माझ्या डोक्यावरचा भाता थांबला. धाकट्याने पेटीचे झाकण लावले, उठला, आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेला. तो परत आला नाही.

पुढे तो स्वतःच उभा राहून प्रवचने गाऊ लागला. बोलायचेच नाही, उपदेशसुद्धा गाऊनच सांगायचा. लोकांची झुंबड उडू लागली. इकडे बुवांचा तिळपापड.

"माझ्या चाली पळवल्या त्याने!" ते घरी थैमान घालायचे. "मी वाढवला, मी शिकवला, आणि माझ्याच ताटात हात!"

चाली कोणाच्या होत्या ते मला विचारा. दुपारी रिकाम्या सभागृहात धाकटा एकटाच बसून त्या बांधायचा, मी खाली पडलेली असायचे. पण मला कोण विचारतो!

अशी वर्षे गेली आणि बुवांच्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. तिची पिल्ले फुप्फुसात पोहोचलेली. घरावर आभाळ कोसळले. डॉक्टरीणबाईंनी इम्युनोथेरपी सुरू केली. ठरावीक दिवशी दवाखान्यात जायचे, खुर्चीत बसायचे, आणि थेंब थेंब औषध शिरेतून घ्यायचे. सूनबाई, म्हणजे बुवांची बायको, पहिल्या दिवशी घरी आल्या आणि शेजारणीला सगळे समजावून सांगत होत्या. धाकटा गेला तेव्हापासून मी पेटीखालून निघून घरी माळ्यावर पडले होते.

"गाठीला मारणारं औषध नाही म्हणे हे. आपल्याच अंगातल्या पहारेकऱ्यांचे लगाम सोडतं, मग ते गाठीवर धावून जातात. पण सिस्टरनी बजावून सांगितलंय, शौचाला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळा जावं लागलं, पोटात कळ आली, रक्त दिसलं, तर घरगुती औषध घेत बसायचं नाही. लगेच फोन."

"एवढ्याशा गोष्टीला फोन?" शेजारीण म्हणाली.

"मीही तेच म्हटलं. तर सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे एवढीशी गोष्ट नसते, बाई."

औषध लागू पडू लागले. बुवांचा खोकला थांबला, आवाज परतला. आणि त्याच सुमारास सभागृहाच्या चिटणीसबाई घरी आल्या.

"बुवा, यंदाचं वार्षिक प्रवचन तुम्हीच करायचं. सगळं गाव येणार. तुमचे धाकटे बंधूही पहिल्या रांगेत असतील, त्यांचा सत्कार ठेवलाय."

बुवा असे गोड हसले की सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. चिटणीसबाई जिना उतरतात न उतरतात तोच बुवांनी मांडीवर थाप मारली. "सापडला! आता बघ कसा सोलतो त्याला."

त्यांनी नवी गोष्ट रचली. राजाच्या बागेत एक अडखळणारा पोपट असतो. कोकिळा दया येऊन त्याला घरट्यात घेते, आणि तो तिची गाणी चोरून दरबारात मिरवतो. शेवटी राजा सगळ्यांसमोर त्याला म्हणतो, "आता न गाता बोलून दाखव." पोपटाची ती फजिती बुवा रोज आरशासमोर घोळवायचे. अडखळण्याच्या नकला करून स्वतःच हसायचे.

"अहो, हे प्रवचन आहे की भांडण?" सूनबाईंनी विचारले.

"देवाचं काम आहे. अहंकाऱ्याला आरसा दाखवणं."

ऐकलेत ना, मित्रांनो? स्वतःच्या डंखाला ते देवाचे काम म्हणत होते. देव वर बसून काय म्हणाला असेल!

आणि मग बुवांचे पोट बिघडले.

आधी नुसते पातळ. मग दिवसातून कितीतरी वेळा संडासाकडे धाव. मग अशी कळ की ओट्याचा काठ धरून उभे राहायचे. सूनबाई बाहेरून दार वाजवायच्या.

"अहो, बराच वेळ झाला. सिस्टरना फोन लावू?"

"काही नाही गं! काल जरा तेलकट खाल्लं."

"काल तुम्ही नुसतं टोस्ट खाल्लंत."

"मग परवा!"

फोन न करण्यामागे त्यांचे गणित असे होते. फोन केला की औषध थांबवतील, औषध थांबले की गाठ वाढेल. शिवाय दवाखान्यात डांबून ठेवतील, आणि त्या दिवशी व्यासपीठावर आपण नसू. धाकटा पहिल्या रांगेत बसेल, हार घेईल आणि घरी जाईल. मरणापेक्षा हे त्यांना जड होते. त्यांनी औषधाच्या दुकानातून पोट बांधणाऱ्या गोळ्या आणल्या आणि मोज्यात लपवल्या. जुलाब दबले, कळ दबेना. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली.

स्टूल लावून त्यांनी मला माळ्यावरून काढले, फुंकर मारली, आणि किटलीतले उकळते पाणी तसेच्या तसे माझ्यात ओतले. काठोकाठ. हवाही काढली नाही. माझे जुने रबर आतून भाजून निघाले. मग अंगरख्याखाली मला पोटाशी धरून त्यांनी वरून शेला आवळला. हे रोजचेच झाले. सराव करताना शेल्याखाली मी, जेवताना मी, माणसे भेटायला आली तरी मी.

"बुवा, तब्येत सुधारली हो! पोट सुटलं," एक म्हातारा श्रोता म्हणाला.

"देवाची कृपा," बुवा म्हणाले.

देवाची कसली, माझी! पण मित्रांनो, त्या पोटाशी पडून मी जे ऐकले ते तुम्हाला सांगायला हवे. मी पुष्कळ पोटे ऐकली आहेत. वारा धरलेल्या बाळांची, परीक्षेच्या भीतीने मुरडा आलेल्या पोरांची. त्यांत गुरगुर असते, तक्रार असते. इथे तसे नव्हते. कोणीतरी आतून भिंत खरवडत होते, न थांबता. लगाम सुटलेल्या त्या पहारेकऱ्यांनी आतड्यालाच चोर समजून धोपटायला घेतले होते. मी ऊब देत होते आणि त्या उबेखाली ते धोपटणे चालू होते. मी नसते तर बुवा कळेने ओरडले असते आणि कोणीतरी ऐकले असते.

मग रक्त पडू लागले. बुवा आपले कपडे आपणच धुऊ लागले.

"तुम्ही? कपडे?" सूनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "लग्नाला इतकी वर्षं झाली, रुमाल पिळलेला पाहिला नाही तुमचा."

"माणसाने स्वावलंबी व्हावं."

"स्वावलंबी! खरं सांगा, काय लपवताय?"

"प्रवचन होऊ दे. मग सगळं सांगतो. तुला माझी शपथ आहे, त्याआधी कोणाला फोन केलास तर."

सूनबाईंनी ती शपथ मानली. आतल्या आत जळत राहिल्या, पण मानली. मी मात्र कोणाला शब्द दिलेला नव्हता. माझ्या अंगाला बुचाच्या खाली एक बारीक चीर पडली होती. उकळत्या पाण्याची देणगी! रोज ती केसाएवढी वाढत होती. मी ठरवले, जागा मी निवडीन. वेळही मीच निवडीन.

प्रवचनाचा दिवस उजाडला. सभागृह गच्च भरले. मागच्या खोलीत बुवांनी दोन गोळ्या एकदम गिळल्या, मला भरले, आणि शेला असा करकचून बांधला की माझा श्वास कोंडला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. हाताला धरून सूनबाई म्हणाल्या, "अजून परत फिरा. मी सांगते चिटणीसबाईंना."

"आज फिरलो तर मेलो," बुवा म्हणाले आणि पडदा सारून बाहेर गेले.

काय सांगू, मित्रांनो! उपदेश त्यांनी असा सांगितला की मीसुद्धा विरघळले. क्षमेवर बोलले. हो, क्षमेवर! लोकांचे डोळे भरून आले. पहिल्या रांगेत धाकटा बसला होता, गळ्यात हार, केस पांढरे झालेले. तो डोळे मिटून मान डोलावत होता. त्याला वाटले असावे, दादाचा राग गेला.

आणि मग गोष्ट सुरू झाली. बाग, कोकिळा, पोपट. माणसे एकमेकांना कोपराने ढोसू लागली. धाकट्याने डोळे उघडले. बुवांचा आवाज चढला, पोटात कळ उठली, ती मला लाटेसारखी लागली, पण त्यांनी ओठ चावून ती गिळली. आता राजा पोपटाला म्हणणार होता, न गाता बोलून दाखव. बुवांनी थेट धाकट्याकडे बोट केले, ओठांचा चंबू केला आणि नक्कल सुरू केली. "म-म-म..."

तेवढ्यात मी सोडले.

ठरवून सोडले! पेटीखालची सगळी वर्षे, ते दुमडणे, ते उकळते पाणी, सगळे एकदम. चीर या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटली. गरम पाणी बुवांच्या पोटावरून, मांड्यांवरून खाली आले, अंगरखा चिकटला, आणि व्यासपीठावरच्या शुभ्र चादरीवर पायांभोवती तळे झाले. बुवा किंचाळले आणि तिथेच वाकले.

मग मागून कोणीतरी म्हणाले, "बुवांना... झाली वाटतं." एक हसला. मग दुसरा. मग ते हसू रांगांमधून पुढे येऊ लागले. तेच हसू, जे बुवांनी एकदा धाकट्यावर सोडले होते! मला जे हवे होते ते मिळाले होते. मी शेल्याखाली रिकामी, चपटी, तृप्त पडले होते.

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिले. तो काय करतो हे पाहायचे होते त्यांना. त्याने नुसते हसायचे होते, बस्स! त्याचा वचपा निघाला असता.

तो उठला. हार काढून खुर्चीवर ठेवला. पायऱ्या चढून वर आला, बुवांच्या कमरेचा शेला सोडला आणि मी त्याच्या हातात आले. त्याने माझ्या रेघांवरून अंगठा फिरवला. ओळखले त्याने मला. मग ध्वनिक्षेपकापाशी गेला, आणि जो माणूस इतकी वर्षे लोकांसमोर एक शब्द न गाता बोलला नव्हता, तो बोलू लागला.

"प-प-पाणी आहे. ग-ग-गरम पाण्याची पि-पिशवी फ-फुटली. आमच्या म-मावशीची आहे. ह-हसू नका."

किती वेळ लागला त्याला! एकेका शब्दाशी झुंजत होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. कोणी चुळबुळ केली नाही. हसणारे खाली मान घालून बसले.

बुवा त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होते. पण धाकट्याची नजर चादरीवर गेली होती. तळ्याची कड गुलाबी होत चालली होती.

"व-वहिनी!" तो ओरडला. "हे र-रक्त कुठलं?"

मग मात्र सूनबाईंनी शपथ मोडली.

दवाखान्यात बुवांना तातडीने दाखल केले. पोट वरून भाजले होते, पण ती किरकोळ बाब होती. आतडे आतून सोलवटले होते. संसर्ग नाही ना हे तपासले, नळीतून कॅमेरा घालून पाहिले, आणि शिरेतून स्टेरॉइड सुरू केले. मी खाटेशेजारच्या कपाटावर पडलेली. धाकटा मला घेऊनच आला होता, खिशात दुमडून नव्हे, हातात धरून.

डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या, पण सिस्टरांनी बुवांची अशी हजेरी घेतली की त्यांची मान वर होईना.

"फोन नंबर भिंतीवर चिकटवायला दिला होता ना? कुठे चिकटवलात?"

"फ्रिजवर," सूनबाई म्हणाल्या.

"मग फ्रिजने करायचा होता का फोन? पहिल्याच दिवसांत सांगितलं असतंत तर गोळ्यांवर निभावलं असतं. वरून पोट बांधणाऱ्या गोळ्या! वरून गरम पिशवी! आग लागलीय आणि तुम्ही खिडक्या लावून बसलात. अजून थोडं थांबला असतात तर आतडं फाटलं असतं."

"पण तुम्ही औषध थांबवलं असतंत," बुवा पुटपुटले.

"थांबवलंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बुवांनी भिंतीकडे तोंड फिरवले. तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या. "इकडे बघा. थांबवलं म्हणजे हरलो असं नाही. तुमचे पहारेकरी गाठ ओळखायला शिकलेत. पुष्कळांच्या बाबतीत औषध थांबवल्यावरही ते ती शिकवण विसरत नाहीत. पुन्हा सुरू करायचं की नाही ते आतडं बरं झालं की ठरवू. तुमचं काय होईल याची खात्री मी देत नाही. पण तुम्ही लपवलंत तर मला काहीच करता येत नाही."

"म्हणजे माझ्याच माणसांनी मला आतून बडवलं म्हणायचं," बुवा म्हणाले.

"आपल्या घ-घराण्याची पद्धतच आहे ती, दादा," खिडकीपाशी उभा असलेला धाकटा म्हणाला.

सूनबाईंना हसू फुटले. बुवांना मात्र तो तिथे उभा आहे हेच सहन होईना. तो गेल्यावर ते उशीवर मुठी आपटू लागले. "कसला सूड घेतला बघ याने! सगळ्या गावासमोर माझी लाज राखली. आता जन्मभर याचे उपकार मिरवू? त्यापेक्षा हसला असता तर बरं होतं."

स्टेरॉइडने आतडे शांत होऊ लागले, पण बुवांची जीभ आणि भूक दोन्ही सुटल्या. धाकटा रोज यायचा आणि बुवा रोज त्याला टोचायचे.

"त्या चाली माझ्या आहेत."

"न-नाहीत."

"बरं, नाहीत! पण तू मला सोडून गेलास. त्याची शिक्षा तुला भोगावी लागेल. मी बरा झालो की माझ्या शेजारी बसून पेटी वाजवायची. मरेपर्यंत."

धाकट्याने खुर्ची खाटेजवळ ओढली. "आणि त-तुझी शिक्षा," तो म्हणाला, "मध्ये मध्ये मी ब-बोलणार. व्यासपीठावर. माझं व-वाक्य पुरं होईपर्यंत तू थ-थांबायचं. म-मदत करायची नाही."

बुवांनी दात ओठ खाल्ले आणि हात पुढे केला. अशी समेटाची बोलणी मी कधी ऐकली नव्हती! पुढे तसेच झाले. बुवांच्या आतड्याला बरे व्हायला वेळ लागला, स्टेरॉइड अगदी सावकाश कमी करावे लागले. पुढच्या तपासणीत गाठ आणखी आकसलेली निघाली. आज दोघे शेजारी बसतात. धाकटा बोलू लागला की बुवा थांबतात. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो ताण दिसतो त्याचे वर्णन सूनबाई तपासणीला आल्या की सिस्टरांना करून सांगतात, आणि ते ऐकून मला अजूनही गार वाटते.

पण गोष्ट इथे संपत नाही, मित्रांनो. बुवा दवाखान्यात असताना पडद्यापलीकडच्या खाटेवर एक बाई होत्या. पूर्वी पोस्टात काम करायच्या, म्हणून सगळे त्यांना पोस्टातल्या ताई म्हणायचे. त्यांनाही हेच औषध चालू होते, आणि त्यांचेही पोट असेच बिघडले होते. त्यांच्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली असायची. फुले, फळे, पोरांनी काढलेली चित्रे. कधी कोणाला उलटा शब्द बोलल्या नव्हत्या. घरी मुलीने विचारले, "आई, बरी आहेस ना?" तर म्हणायच्या, "काही नाही गं, जरा पोट." आणि मुलगी विश्वास ठेवायची. कोण ठेवणार नाही? मुलीच्या मागे कामाचा व्याप, शेजारणीच्या घरी आजारपण, दवाखान्यातल्या सिस्टर दमलेल्या. उगाच कोणाला त्रास कशाला, म्हणून ताई गप्प राहिल्या, आणि दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा फार उशीर झालेला.

एका दुपारी बुवांनी पडद्याआडून त्यांना माझी सगळी हकीकत सांगितली, रंगवून, नकला करून. ताई पोट धरून हसल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "माझ्या घरी अशी एक खवट पिशवी हवी होती हो. माझी सगळी माणसं गोड."

दुसऱ्या दिवशी त्यांचे आतडे फाटले. त्यांना घाईने शस्त्रक्रियेला नेले. बुवा खाटेवर उठून बसले आणि त्यांच्यासाठी देवाचे नाव गाऊ लागले, हळू, घोगऱ्या आवाजात, आणि धाकट्याने दुसरा सूर धरला. सारी खोली गात होती. ताई परत आल्या नाहीत.

बुवा घरी निघाले तेव्हा सिस्टरांनी मला मागून घेतले. औषध घ्यायला येणाऱ्यांच्या खोलीत, खुर्च्यांच्या समोर, त्यांनी हा खिळा ठोकला. नवा माणूस आला की त्या माझ्याकडे बोट दाखवतात आणि विचारतात, "पोट कसं आहे? काही नाही, असं सांगू नका. मला खरं खरं सांगा."

तुमच्या घरी कोणी हे औषध घेत असेल आणि "काही नाही, जरा पोट" म्हणाले, तर गोड मान डोलावू नका. थोडे खवट व्हा. पुन्हा विचारा, मोजे तपासा, शपथा मोडा, फोन करा. आणि रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा पोस्टातल्या ताईंचे नाव घ्या. त्यांच्यावर डूख धरणारे या जगात कोणीच नव्हते. तुम्ही तेवढी त्यांची आठवण ठेवा.